सुई टोचली तर आधी फोन, मग फॉर्म

आलेलं पत्र, थोडं कमी करून:

"नमस्कार मॅडम, मी तालुक्याच्या गावी एका ४० बेडच्या खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, आता इन्फेक्शन कंट्रोलचं कामही माझ्याकडेच दिलंय. आमच्याकडे नीडल प्रिकचं रजिस्टर आहे पण ते मेट्रन मॅडमच्या कपाटात असतं आणि त्यात वर्षभरात एक पण नोंद नाही. मागच्या महिन्यात कचरा गोळा करताना एका मावशींना पिशवीतून सुई टोचली, त्यांनी कोणालाच सांगितलं नाही, कॉन्ट्रॅक्टवर आहेत त्यामुळे काढून टाकतील म्हणून घाबरल्या. मला परवा बोलता बोलता कळलं. मी विचार करतेय की प्रत्येक वॉर्डात क्यूआर कोड लावायचा, मोबाईलवरच फॉर्म भरायचा, म्हणजे लोक लपवणार नाहीत. अ‍ॅडमिन सर म्हणतात ऑनलाइन रेकॉर्ड राहिलं तर हॉस्पिटलचं नाव खराब होईल. अजून एक, आमच्या एका सिस्टरला टीबी झाला होता, ती बरी होऊन कामावर आली तरी लोक तिच्याशेजारी डबा खायला बसत नाहीत. फॉर्ममध्ये काय विचारू, आणि ऑनलाइन अजून काय काय वापरता येईल? - एक सिस्टर"

ताई, फॉर्मचं बोलूच, पण आधी मावशींना घेऊन टेस्टला जा, या आठवड्यातच. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या म्हणजे पीईपी, त्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, ती वेळ गेली, पण म्हणून आता काहीच करता येत नाही असं नाही. एचआयव्ही, हिपॅटायटीस बी आणि सी या तिन्ही टेस्ट आत्ता करा, आणि मग टोचल्यापासून तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी परत. एचआयव्हीची टेस्ट सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, फुकट होते आणि रिपोर्ट गुप्त राहतो. हिपॅटायटीस बीची लस घेतलेली नसेल, आणि माझा अंदाज आहे की नसेलच, तर रक्त दिल्यावर त्याच दिवशी पहिला डोस द्या, मग एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. हिपॅटायटीस सी निघाला तरी घाबरू नका, आता तो साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधं सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. तुम्ही स्वतः सोबत जा, ड्यूटीच्या वेळेत जा, आणि त्यांची रोजी कापली जाणार नाही हे निघायच्या आधी सरांकडून कबूल करून घ्या.

मावशींना सांगताना आकडे पण सांगा, कारण माणूस न कळलेल्या गोष्टीला जास्त घाबरतो. एचआयव्ही असलेल्या पेशंटची सुई टोचली तरी लागण होण्याची शक्यता हजारात साधारण तीन असते, म्हणजे कमी आहे. हिपॅटायटीस सीची शंभरात दोनाच्या आतबाहेर. पण हिपॅटायटीस बीची, लस न घेतलेल्या माणसाला, शंभरात सहापासून तीसपर्यंत जाते, आणि तो विषाणू वाळलेल्या रक्तात सुद्धा सात दिवस टिकतो. आपल्याकडे सगळी भीती एचआयव्हीची आणि ज्याला पक्की लस आहे त्याकडे कोणाचं लक्ष नाही, हे मी इतकी वर्षं बघतेय आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो.

आता तुमचा क्यूआर कोड. कल्पना चांगली आहे, कराच. फक्त एक गोष्ट पहिल्यापासून डोक्यात पक्की ठेवा की फॉर्म भरला म्हणजे उपचार झाले असं नाही. रात्री अडीच वाजता आयसीयूतल्या सिस्टरला टोचलं, तिने मुकाट्याने फॉर्म भरला, सबमिट झालं, हिरवी टिकमार्क आली, तिला वाटलं कळवलं, आणि तुम्ही तो सकाळी राऊंड संपवून साडेदहाला उघडला तर आठ तास गेले. पीईपीचा पहिला डोस होता होईल तेवढ्या लवकर, शक्यतो दोन तासांच्या आत पोटात जायला हवा. म्हणून तुमच्या पोस्टरवर सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरात क्यूआर कोड नको, फोन नंबर हवा. तो पण तुमचा एकटीचा नको, तुम्ही रजेवर गेलात की संपलं. कॅज्युअल्टीत चोवीस तास जो ड्यूटी डॉक्टर असतो त्याच्याकडचा फोन, शिफ्ट बदलली की फोन हातातून हातात जाईल असा.

पोस्टरवर नंबरच्या खाली तीन ओळी, मराठीत. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. दाबून रक्त काढू नका, तोंडात धरू नका, स्पिरिट किंवा ब्लीच लावू नका. डोळ्यात उडालं असेल तर पाण्याने किंवा सलाईनने भरपूर धुवा. आणि त्याच्या खाली क्यूआर कोड, त्यावर लिहा, "फोन झाल्यावर हे भरा". बस, बाकी नक्षीकाम नको.

आणि फोन उचलणाऱ्या डॉक्टरकडे देण्यासारखं काहीतरी असायला हवं. पीईपीमध्ये आता टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅविर एकत्र असलेली एकच गोळी देतात, रोज एक, २८ दिवस. सुरुवातीच्या काही गोळ्या कॅज्युअल्टीच्या कपाटात असू द्या, पुढचा कोर्स कुठून आणायचा ते सिव्हिलच्या एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्राला, आधीच विचारून ठेवा, टोचल्यावर रात्री तीनला शोधाशोध नको. ज्या पेशंटची सुई आहे त्याची टेस्ट करायची तर त्याची संमती लागते, ती घ्या, पण रिपोर्टसाठी पहिला डोस थांबवू नका, रिपोर्ट निगेटिव्ह आला तर गोळ्या बंद करता येतात. हिपॅटायटीस बीसाठी, टोचलेल्या माणसाला लस झालेली नसेल आणि पेशंट पॉझिटिव्ह असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, पण लागतं, ते शक्यतो २४ तासांत. कोणाला विचारायचं सुचलं नाही तर नॅकोची, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेची, हेल्पलाईन आहे, १०९७, फुकट आहे.

आता फॉर्ममध्ये काय विचारायचं. इथे मी जरा लांबण लावणार आहे कारण बहुतेक ठिकाणी गाडी इथेच अडते. लोक फॉर्म करतात आणि पहिला प्रश्न टाकतात नाव, दुसरा एम्प्लॉयी आयडी, तिसरा "अपघाताचे कारण", आणि त्याखाली पर्याय "निष्काळजीपणा". अहो कोण भरणार तो? तुमच्या मावशी तर वाचूनच मोबाईल खिशात ठेवतील. तुम्ही असं विचारा की कुठे झालं, किती वाजता, कोणती वस्तू, म्हणजे इंजेक्शनची सुई की सलाईन लावायच्या इंट्राकॅथची की टाके घालायची सुचर नीडल की शुगर तपासायची लॅन्सेट की ब्लेड. मग कोणत्या कामाच्या वेळी, म्हणजे देताना, टोपण परत लावताना, टाकताना, कचरा उचलताना, बेड आवरताना, ओटीचे कपडे धुवायला देताना. जवळात जवळचा शार्प्सचा, म्हणजे सुया-ब्लेड टाकायचा, पांढरा डबा किती पावलांवर होता, आणि तो भरलेला होता का. हातात ग्लोव्हज होते का. हिपॅटायटीस बीचे किती डोस झालेत, इथे "माहीत नाही" असा पर्याय जरूर ठेवा. आणि शेवटी मोकळी जागा, "हे परत होऊ नये म्हणून काय बदलावं असं वाटतं?" या शेवटच्या प्रश्नात जे येतं ते सोनं असतं, मी सांगते तुम्हाला.

समजा पुढच्या तीन-चार महिन्यांत मेल वॉर्डातून दोन-तीन नोंदी आल्या, सगळ्या सकाळी साडेसहा ते साडेसातच्या, वस्तू लॅन्सेट, काम बेड आवरणं. आता यात कोणाला मेमो द्यायचा? नाईटची सिस्टर ड्यूटी संपता संपता पंधरा पेशंटच्या शुगर करतेय, डबा नर्सिंग स्टेशनला आहे, ती लॅन्सेट किडनी ट्रेमध्ये ठेवत जातेय आणि एखादी चादरीत राहतेय, आणि मॉर्निंगच्या मावशी ती चादर ओढतायत. इलाज मेमो नाही, शुगरच्या ट्रॉलीला छोटा शार्प्सचा डबा अडकवणं आणि जमलं तर टोचल्यावर आपोआप आत जाणाऱ्या लॅन्सेट मागवणं हा आहे. हे कपाटातल्या रजिस्टरमधून कधीच दिसलं नसतं कारण तिथे लिहिलेलं असतं "स्टाफला सूचना दिली". ऑनलाइन फॉर्मचा खरा उपयोग हा आहे ताई, सगळ्या नोंदी एका तक्त्यात, तारीख-वेळेसकट शेजारी शेजारी येतात आणि कुठे दुखतंय ते दिसतं.

सेटिंगच्या काही गोष्टी, किचकट वाटतील पण सोडू नका. गुगल फॉर्म करणार असाल तर तो हॉस्पिटलच्या अकाउंटवर करा, तुमच्या स्वतःच्या जीमेलवर नको, नाहीतर तुम्ही नोकरी बदलली की सगळा डेटा तुमच्याबरोबर जाणार. ईमेल गोळा करायचं बंद ठेवा. फोटो अपलोडचा प्रश्न टाकू नका, तो टाकला की लॉगिन मागतो आणि लोक सोडून देतात. उत्तरांचा सारांश सगळ्यांना दाखवायचं एक सेटिंग असतं, ते बंद आहे ना ते दोनदा तपासा. उत्तरांची शीट "लिंक असेल त्याला दिसेल" अशी अजिबात ठेवायची नाही, तुम्ही आणि तुमच्या इन्फेक्शन कंट्रोल कमिटीतले डॉक्टर, दोघंच. नवीन उत्तर आलं की मेल यावा ही सोय असते ती चालू करा, पण मेल हा फोनच्या जागी नाही हे वर सांगितलंच आहे.

टेस्टचे रिपोर्ट, पेशंटचं नाव, पेशंट पॉझिटिव्ह आहे की नाही, हे त्या फॉर्मवर आणायचंच नाही. ते कागदावर, डॉक्टरकडे, कुलुपात. नावाचा रकाना हवा तर ठेवा पण सक्तीचा नको, ज्याला उपचार हवेत तो फोनवर येतोच आणि तिथे त्याचं नाव कळतंच. आणि वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "आज अमुक सिस्टरला प्रिक झालं, सगळ्यांनी काळजी घ्या" असं कोणी टाकणार नाही हे आधीच सगळ्यांना सांगा, अगदी चांगल्या हेतूने पण नाही. एकदा असं झालं की त्या वॉर्डातून पुढे कोणी बोलत नाही. ग्रुप कशासाठी वापरा, तर शार्प्सचा डबा तीन चतुर्थांश भरला की फोटो टाकायचा आणि स्टोअरने नवा पाठवायचा, यासाठी फार छान चालतो.

मावशी आणि मामा लोकांसाठी फॉर्म मराठीत हवा हे सांगायला नको, पण मराठीत असूनही सगळ्यांना भरता येईल असं धरू नका. जो फोन उचलेल त्यानेच चार प्रश्न विचारून त्यांच्यासाठी भरायचा असं ठरवा. फॉर्मची पहिली ओळ अशी असू दे: "ही माहिती चूक शोधण्यासाठी नाही, जागा सुरक्षित करण्यासाठी आहे. भरल्यामुळे कोणाच्याही नोकरीवर किंवा पगारावर परिणाम होणार नाही." आणि हे वाक्य नुसतं लिहून भागणार नाही, त्याखाली मेडिकल डायरेक्टरची सही असलेला कागद पोस्टरशेजारी लावा, आणि हाऊसकीपिंगच्या कॉन्ट्रॅक्टरला पण त्याची प्रत द्या, कारण मावशींना काढणारा तोच आहे.

अ‍ॅडमिन सरांशी भांडू नका, त्यांची भीती मला कळते, पण त्यांना शांतपणे तीन-चार गोष्टी दाखवा. एक, २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्याचं कलम १९ सांगतं की आरोग्यसेवा देणाऱ्या संस्थेने, जिथे जिथे कामात असा संपर्क येऊ शकतो तिथे, काम करणाऱ्या सगळ्यांना संरक्षणाची साधनं, ट्रेनिंग आणि गरज पडली तर पीईपी द्यायलाच हवं. त्याच कायद्यात वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आरोग्य संस्थेला तक्रार अधिकारी नेमायला सांगितलंय, तुमच्याकडे नेमलाय का ते विचारा. दोन, २०१६ चे बायोमेडिकल वेस्टचे नियम. कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना हिपॅटायटीस बी आणि धनुर्वाताची लस, कामावर घेताना तपासणी आणि नंतर वर्षातून निदान एकदा तपासणी, हे हॉस्पिटलचं काम आहे, आणि नियमात "इतर" असा शब्द आहे म्हणजे कॉन्ट्रॅक्टच्या मावशी पण त्यात आल्या. त्याच नियमांच्या वार्षिक अहवालात झालेल्या अपघातांचा आणि बाधित माणसांचा रकाना असतो. तीन, एनएबीएच, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाचं मानांकन, घ्यायचं मनात असेल तर नीडल स्टिक इंज्युरी मोजणं हा त्यातला एक निर्देशांकच आहे. ४० बेडच्या हॉस्पिटलात वर्षभर शून्य नोंद बघून तपासायला आलेला कोणीही जाणकार माणूस खुश होणार नाही, तो विचारेल की नोंद का होत नाही.

सरांना हेही सांगता येईल की अमेरिकेत २००० साली सुयांबद्दल वेगळा कायदा झाला, त्यात हॉस्पिटलला शार्प्सच्या जखमांची नोंदवही ठेवावी लागते आणि त्यात उपकरण कोणत्या प्रकारचं, कोणत्या ब्रँडचं, कुठे आणि कसं टोचलं हे लिहावं लागतं, तेही कर्मचाऱ्याचं नाव गुप्त ठेवून. दक्षिण आफ्रिकेत ओहॅसिस नावाची कॉम्प्युटरवरची पद्धत आहे, तिच्यात स्टाफच्या जखमा, लसी, तपासण्या आणि वॉर्डाची पाहणी असं सगळं एकत्र ठेवतात. म्हणजे तुम्ही काही जगावेगळं मागत नाही आहात. आणि एप्रिल २०२० मध्ये मुंबईत काही खाजगी हॉस्पिटलं स्टाफच पॉझिटिव्ह निघाल्यामुळे बंद ठेवावी लागली होती, ते सरांना आठवत असेलच, तेव्हा नाव राखायचं तर स्टाफ राखावा लागतो.

नोंदीचा अजून एक फायदा कर्मचाऱ्याला आहे. आरोग्यसेवेत किंवा लॅबमध्ये काम करताना लागलेला संसर्गजन्य आजार हा १९२३ च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात व्यावसायिक आजार म्हणून धरलेला होता, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तशी यादी आहे. उद्या कोणाला काही निघालं तर अमुक तारखेला अमुक वाजता टोचलं होतं आणि त्या दिवशीचा रिपोर्ट निगेटिव्ह होता हे दाखवता यायला हवं. म्हणून त्याच दिवशी रक्त देणं इतकं महत्त्वाचं.

टीबी झालेल्या सिस्टरबद्दल. ती बरी झालीय, तिच्यापासून कोणालाही धोका नाही, योग्य औषधं सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच पसरायचं थांबतं आणि तिचा तर पूर्ण कोर्स झालाय. तिच्याशेजारी आधी तुम्ही डबा घेऊन बसा, बाकीचे येतील. खरा प्रश्न आहे तो अजून ज्याचं निदान झालं नाही असा खोकणारा पेशंट ओपीडीच्या बंद कोपऱ्यात दोन तास बसतो त्याचा. तिथे खिडक्या उघडा, खोकणाऱ्याला मास्क देऊन आधी आत घ्या, बसायची जागा बाहेर व्हरांड्यात करा, आणि अशा पेशंटला हाताळणाऱ्या स्टाफला एन-९५ द्या, कापडी नाही. ऑनलाइन काय करता येईल, तर महिन्यातून एकदा सगळ्या स्टाफच्या मोबाईलवर चार प्रश्न पाठवा, दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, वजन कमी होणं, रात्री घाम. एखाद्यालाही हो आलं तर फक्त तुम्हाला कळेल आणि तुम्ही त्याला हळूच थुंकीच्या तपासणीला पाठवा. टीबी निघालाच तर सरकारच्या टीबीच्या निक्षय पोर्टलवर नोंद होते, औषधं मोफत आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपये बँक खात्यात येतात, ते नर्सला पण लागू आहे, लाजू नका.

ऑनलाइन अजून काय वापरता येईल असं विचारलं होतं, तर कोर्स आहेत. डब्ल्यूएचओचे इन्फेक्शन प्रिव्हेन्शनचे ऑनलाइन कोर्स मोफत आहेत, आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) आणि डब्ल्यूएचओने मिळून केलेलं हेल्थवाइज नावाचं मॅन्युअल पण फुकट उतरवता येतं, आणि आपल्या आरोग्य मंत्रालयाची जानेवारी २०२० ची इन्फेक्शन कंट्रोलची मार्गदर्शिका पीडीएफमध्ये आहे, तुम्ही ती वाचाच. पण मावशींसाठी यातलं काही कामाचं नाही. त्यांच्यासाठी तुमच्याच वॉर्डात, तुमच्याच पिवळ्या-लाल पिशव्या घेऊन, तुमच्यातल्याच एखाद्या मावशींना उभं करून दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. पिशवी मानेला धरायची, खालून हात लावायचा नाही, हाताने किंवा गुडघ्याने दाबायची नाही, अंगाला घासत न्यायची नाही. आपल्या माणसाने आपल्या भाषेत सांगितलेलं लोक परत परत बघतात आणि घरी पण दाखवतात.

हिपॅटायटीस बीची लस झाली की टायटरचं, म्हणजे रक्तात किती प्रतिपिंडं तयार झाली त्याचं, पण बघा, तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्त तपासायचं, १० किंवा त्याहून जास्त आलं तर झालं. कोणाचा कोणता डोस कधी, याची एक साधी शीट करा आणि कॅलेंडरला रिमाइंडर लावा, कारण पहिले दोन डोस सगळे घेतात आणि सहा महिन्यांचा तिसरा राहून जातो.

आणि दर महिन्याच्या एक तारखेला स्टाफरूमच्या बोर्डवर लिहा, मागच्या महिन्यात किती नोंदी आल्या आणि त्यामुळे काय बदललं. नावं नाहीत, वॉर्ड पण नको, नुसतं "शुगरच्या ट्रॉलीला डबा लावला", "ओटीत सुचर नीडल मोजून घ्यायचं सुरू केलं" असं. पहिल्या महिन्यात कदाचित एकच नोंद येईल, कदाचित एकही नाही. तरी बोर्ड लिहाच. फॉर्मचा कच्चा मसुदा झाला की मला पाठवा, सरांना दाखवायच्या आधी मी एकदा प्रश्न वाचून देते.